मधल्या घरचा आवाज

कर्ण्याचं तोंड कुठं करायचं हे ज्याला कळलं, त्याला आमचा अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा म्हणजे मशीन, माईक, बॅटरी, वायर आणि शिव्या खाण्याची तयारी. रिसोडला बसस्टँडच्या मागं माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. केनवडपासून रिठदपर्यंत लग्न कुणाचंही असो, ‘भिकाजीचा भोंगा आला का?’ हे विचारल्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. यात थोडी अतिशयोक्ती आहे. पण आवाज वाढवण्यातच जन्म गेला, सवय जात नाही.

धंद्याचे नियम मोजके होते. मयताच्या घराकडं कर्ण्याचं तोंड करायचं नाही. माईक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरायचा. माईक आणि कर्णा समोरासमोर आणायचे नाहीत. नाहीतर कर्ण्यातला आवाज माईकात शिरतो, माईकातला पुन्हा कर्ण्यात जातो, आणि अशी शिट्टी सुटते की मांडवातली लेकरं रडायला लागतात. पुढाऱ्याच्या हातात एकदा माईक गेला की तो परत मिळायची आशा सोडून द्यायची.

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. रिठदला एका वधूपित्यानं मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, “भिका, गाने कोन्तेबी वाजव. पन भोंग्याचं तोंड माह्या चुलतभावाच्या दारात पाह्यजे.” बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मी लिंबाच्या फांदीवर कर्णा बांधला आणि चुलतभावाच्या ओसरीवर नेम धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलतभाऊ तडक मांडवाकडं येताना दिसला. मी म्हटलं, झालं, आता काठ्या निघतात. तो जवळ आला आणि म्हणाला, “काल दुपारी ते दुसरं गानं वाजवलं होतं ना बापा, ते पुन्हा लाव जरा. बुढी म्हून राह्यली का चांगलं होतं.” भांडण काही मिटलं नाही, पण म्हातारीला गाणं मिळालं.

असल्या गोष्टी सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. मला सांगायचं आहे ते मिशनच्या दवाखान्यातल्या एका दुपारचं. ज्या गाण्यानं मला आयुष्यात सगळ्यात जास्त हलवलं, ते मी वाजवलं नव्हतं, त्याचे शब्द मला कळत नव्हते आणि त्याचा देव माझा नव्हता. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला. कुणा देवाकडं दया मागणं आमच्यात बसत नाही. आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत दयाच मागत होतं.

गावाबाहेर मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. फाटकाशी कौलारू चर्च, आणि मोठं मैदान ओलांडून पार मागच्या टोकाला बायकांचा वॉर्ड. तिथले कंपाउंडर दानियल मास्तर चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख होते. दिवसभर बाटल्यांवर डोसाच्या खुणांच्या पट्ट्या चिकटवायचे आणि संध्याकाळी पायपेटीवर बसून नर्सा, वॉर्डबॉय, माळी, ड्रायव्हर अशा सगळ्यांकडून गाणं घोटून घ्यायचे. त्यांची बायको रूथबाई बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. माझ्या दोन्ही लेकरांची नाळ तिनंच कापली होती, त्यामुळं माझ्यावर ओरडण्याचा आपल्याला कायमचा हक्क आहे, असं ती धरून चालायची.

एका नाताळाला मास्तरांनी मला पहिल्यांदा बोलावलं. मंडळ दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं एक जर्मन भक्तिगीत बसवत होतं. त्या काळाच्या संगीताला बरोक म्हणतात, हे मला फार मागाहून कळलं. मी आपल्या नियमानं काम केलं. सगळ्यात खणखणीत गळा कुणाचा, ते पाहिलं. पुढच्या ओळीतली एक तरुण नर्स अशी काही गात होती की वा! माईक नेऊन तिच्या तोंडाशी दिला. तिचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला. मी खूश. कार्यक्रम संपल्यावर रूथबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी.

“भिकाजी, तूं जेवन कसं वाढते रे? चार घरचे पाहुने पंगतीत बसले आन तूं एकाच घरच्याईले वाढलं. आमी तीन घरचे उपाशीच उठलो.”

मला काही उमजलं नाही. मग तिनं मला चर्चच्या पायरीवर बसवून समजावलं. आपल्याकडं भजन असो की भीमगीत, पुढं एक जण म्हणतो आणि मागं पन्नास जण तेच म्हणतात. माणसं पन्नास, चाल एक. यांच्या या गाण्यात गाणाऱ्यांची चार घरं असतात. बायकांचं वरचं, बायकांचं खालचं, पुरुषांचं वरचं आणि पुरुषांचं खालचं. चौघांच्या चाली वेगळ्या, चौघांची सुरू व्हायची वेळ वेगळी, आणि तरी सगळं मिळून एक गाणं. एका विहिरीवर चार जणी चार दोर सोडतात आणि दोर गुंतत नाहीत, तसं.

“आन तुमचं घर कोन्तं?” मी विचारलं.

“बायकांचं खालचं. मधलं म्हन. वरच्या पोरीचं नाव होते, खालच्या माणसाईच्या आवाजानं खिडक्या हालते. मधल्या घराले कोनी इचारत नाई.” ती हसली. “पन आमी एक दिवस नाई गायलो तं सारे म्हनते, आज गानं असं ओकंबोकं काहून लागून राह्यलं?”

त्या दिवसापासून मी माझा माईकाचा नियम या लोकांपुरता मोडला. माईक तोंडाजवळ न देता चर्चच्या आढ्याला मधोमध दोरीनं टांगू लागलो, म्हणजे चारी घरांना सारखं वाढप. पण माईक लांब गेला की मशीनचा आवाज वाढवावा लागतो आणि आवाज वाढवला की शिट्टी सुटते. म्हणून कर्णा चर्चपासून दूर, पाठ फिरवून बांधायचा. हे जमवायला मला दोन नाताळ लागले. दर वेळी रूथबाई येऊन सांगायची, “आज वरनात मीठ बराबर हाये,” किंवा “आज पुन्हा एकाच घरी पंगत.”

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला एका वर्षी त्यांचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि आमची भीमजयंती एकाला एक लागून आले. माझा एकुलता एक सेट केनवडच्या जयंतीला ठरलेला होता; शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी न्यायला येणार होती. आणि त्याच आठवड्यात दानियल मास्तर दुकानात आले. एरवी हा माणूस दुकानात शिरला की आधी वायरींचा पसारा पाहून नाक मुरडायचा. त्या दिवशी सरळ स्टुलावर बसला.

रूथबाईच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. ज्या वॉर्डात ती सिस्टर होती, त्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर आता ती पेशंट होती. शुक्रवारी मंडळ तेच गाणं गाणार होतं. खाट हलवायला डॉक्टरांची परवानगी नव्हती, आणि चर्चमधला आवाज मैदान ओलांडून वॉर्डापर्यंत पोचत नव्हता.

“भिकाजी, तिले एकडाव ऐकू यावं,” मास्तर म्हणाले. “दुसरं काई मांगत नाई ते. दवाई बी मांगत नाई.”

दवाखान्यात भोंगा म्हटल्यावर मोठे डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मी त्यांना शब्द दिला की वॉर्डाच्या खिडकीबाहेर शेजारणी बोलतात, त्याहून आवाज मोठा जाणार नाही. आयुष्यभर आवाज वाढवणाऱ्या माणसानं आवाज लहान ठेवण्याचा शब्द दिला, याचं त्यांना हसू आलं असावं. ते हो म्हणाले. केनवडला निरोप धाडला की गाडी आणा, पण माल तीन वाजता मिळेल.

शुक्रवारी सकाळीच मी वायर ओढली. माईक आढ्याला टांगला, मशीन चर्चच्या व्हरांड्यात ठेवलं आणि कर्णा मैदानापार वॉर्डासमोरच्या लिंबाला बांधून त्याचं तोंड कोपऱ्यातल्या खिडकीकडं केलं. बांधताना रूथबाई खिडकीतून पाहत होती. चेहरा एवढासा झाला होता, पण जीभ तीच. “थोडा डावीकडे घेय. माह्या पायाले ऐकवतं का?”

ऊन मरणाचं तापलं. बारा वाजता प्रार्थना सुरू झाली. त्यांची ती प्रार्थना तीन तास चालते, वाचन, उपदेश, शांतता असं करत करत. गाणं शेवटाकडं होतं. केनवडची बैलगाडी वेळेच्या आधीच येऊन फाटकात उभी राहिली. गाडीसोबत संपतदादा आले होते. केनवडच्या भीमगीत मंडळाचे हे मुख्य गायक. गळा असा की त्यांच्यासमोर माझा माईक लाजायचा. ते व्हरांड्यात माझ्या शेजारी टेकले, डोक्याचं उपरणं सोडून वारा घेऊ लागले.

मला एक अडचण होती. वॉर्डात आवाज किती जातो, हे वॉर्डात गेल्याशिवाय कळत नाही, आणि मशीन कुणाच्या तरी हवाली करायला हवं. संपतदादांसारखा जाणता गवई हाताशी असताना काळजी कसली? आवाजाचं बटण दाखवलं आणि म्हटलं, “दादा, इथंच ठेवजा. मी खिडकीतून उपरनं हालवलं तं थोडा वाढवजा.” त्यांचंच उपरणं घेतलं आणि मैदान तुडवत वॉर्डात गेलो.

वॉर्डात दहा-बारा बायका होत्या. बाळंतिणी, तापाच्या, एक पाय मोडलेली म्हातारी. सगळ्यांना आधीच कळलेलं होतं की आज सिस्टरबाईसाठी गाणं येणार आहे. रूथबाई उशीला टेकून बसली होती. उजव्या हाताचं एक बोट खाटेच्या लोखंडी कठड्यावर.

कर्ण्यातून पायपेटी आली, मग पुरुषांचं खालचं घर. संथ, जमिनीतून यावा तसा आवाज. शब्द तेच दोन; त्यांचा अर्थ ‘दया कर’, एवढं मला रूथबाईनं सांगितलं होतं. रूथबाईचं बोट कठड्यावर हळूहळू आपटू लागलं. मग पुरुषांचं वरचं घर तेच शब्द घेऊन शिरलं, पहिल्यांची वाट न पाहता. बोट चालूच. मी पाहिलं, तिनं श्वास भरून घेतला. आता तिच्या घराची पाळी होती. तिनं तोंड उघडलं, सूर लावला, आणि कर्ण्यातला आवाज विरत विरत गेला आणि बंद झाला.

वायर तुटली की बॅटरी बसली? मी खिडकीकडं धावणार तोच लक्षात आलं की वॉर्डातलं गाणं थांबलेलं नाही.

रूथबाई गातच होती. एकटी. डोळे मिटलेले, बोट कठड्यावर टक टक चालू. तिची ती चाल मी इतकी वर्षं ऐकून कधी ऐकलीच नव्हती. ती काही गुणगुणावी अशी चाल नाही. एका सुरावर बराच वेळ थांबते, एक पायरी चढते, पुन्हा उतरते, मधेच अशी वळते की का वळली ते कळत नाही. जणू तिच्या आजूबाजूला कुणीतरी आहे, त्यांना वाट देत ती चालली आहे. आणि आजूबाजूला तर कुणी नव्हतं. त्या कोरड्या बारीक आवाजात ती दया मागत होती, की ज्यांना ती कधी मिळाली नाही त्यांना देत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे डोळे भरून आले. पाय मोडलेली म्हातारी पदराच्या टोकानं डोळे पुसत होती, आणि तिला तर हे गाणं कशाचं आहे हेही माहीत नव्हतं.

मी भानावर आलो आणि खिडकीतून अंगातलं बळ लावून उपरणं फिरवलं. व्हरांड्यात संपतदादा उठून उभे राहिलेले दिसले. खाली वाकले. आणि कर्णा पुन्हा बोलू लागला.

आता जे झालं त्यावर शपथ घ्यायची पाळी आली तरी घेईन. कर्ण्यातून तिन्ही घरं आली, तिच्या मधल्या घरात गाणाऱ्या दोन शिकाऊ पोरी आल्या, आणि ते सगळे येऊन बरोबर तिच्या सुरापाशी थांबले. ती पुढं नव्हती, मागं नव्हती. मघा ज्या वळणांचा अर्थ लागत नव्हता, त्या प्रत्येक वळणावर आता कुणी ना कुणी उभं होतं. बोट कठड्यावर तसंच पडत होतं. गाणं संपेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

संपल्यावर ती धापा टाकत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, “आवाज बंद झाला तं मले वाटलं, मी मेलीच. मंग पाह्यलं, मी तं गाऊन राह्यली.” आणि त्या अवस्थेतही हसली. “कोनं केलं रे ते? तूं तं इथं होता.”

मी तावातावानं व्हरांड्यात आलो. संपतदादा मशीनपाशी अपराध्यासारखे उभे होते. प्रार्थना संपवून दानियल मास्तरही बाहेर आले.

“दादा, आवाज काहून बंद केला?”

“बापा, मले काय मालूम!” दादा कळवळून म्हणाले. “एका बाजूनं उचललं, आन दुसरी बाजू मांगंच राह्यली. मंग ते दुसरे बी भलतीकडूनच घुसले. मी म्हटलं, येवढी बायको बिमार, मास्तराचं ध्यान नाई, मंडळ पार चुकून राह्यलं. गवय्याची लाज गवय्यानं नाई झाकावी तं कोनं झाकावी? म्हनून बटन खाली केलं. म्हटलं, सावरले का पुन्हा चालू करू.”

मी कपाळावर हात मारला. पण मास्तरांनी दादांचे दोन्ही हात धरले. ते हसत होते की रडत होते ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. “दादा, ते मांगं नाई राह्यत. त्याईची पाळी तेव्हाच येते,” एवढंच ते म्हणाले. मी वॉर्डात काय ऐकलं ते त्यांना सांगितलं. मास्तरांनी टोपी काढली आणि त्या उन्हातून मैदान ओलांडून वॉर्डाकडं निघाले.

कर्णा उतरवून मी केनवडच्या गाडीत चढलो. दुसऱ्या दिवशी जयंतीत संपतदादा गायले, मागं चाळीस जणांनी झेललं, चाल एक. मला ते नेहमीसारखंच आवडलं. फक्त मधेच कुठंतरी कान आपोआप मधलं घर शोधू लागला, आणि आमच्यात ते नव्हतं. ही खोड त्या दुपारनं लावली ती लावलीच.

रूथबाई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मातीला मी गेलो. कर्णा, माईक काही नेलं नव्हतं. मयताच्या बाजूला तोंड करायचं नाही हा नियमच आहे. संपतदादाही केनवडहून आले होते, उपरणं खांद्यावर. दवाखान्यामागच्या त्यांच्या दफनभूमीत बाभळीच्या विरळ सावलीत मंडळ उभं राहिलं. पायपेटी नव्हती. मास्तरांनी नुसता हात उचलला.

पुरुषांचं खालचं घर निघालं. वरचं घर शिरलं. मग मधल्या घराची पाळी आली, आणि कुणीच शिरलं नाही. त्या दोन शिकाऊ पोरी खाली मान घालून गप्प उभ्या होत्या. मास्तरांनीच त्यांना तसं सांगून ठेवलेलं होतं. बाकीची तीन घरं तिच्या जागेला वळसा घालत पुढं गेली.

संपतदादांनी माझा दंड धरला. “भिका,” ते हळू आवाजात म्हणाले, “आज खरंच कोनी मांगं राह्यलं.”

मी तिथं तोंडातल्या तोंडात तीच चाल धरून उभा होतो. एका सुरावर थांबणारी, एक पायरी चढून उतरणारी. पट्टी चुकली असेल, मी काही गवई नव्हे. पण तिची एकटीची चाल ज्या मोजक्या जणांनी ऐकली होती, त्यांतला त्या बाभळीखाली मी एकटाच होतो. मास्तरांचा हात हवेत चालत होता. तिच्या जागेपाशी आला की तो जरा माझ्या बाजूला वळायचा, आणि मी ओठ न उघडता पुढचा सूर घ्यायचो.